गॅलरीची नोकरी सोडू का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

यावेळी बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी आलीत. प्रदर्शनं लावणाऱ्या माणसाने, म्हणजे क्युरेटरने, स्वतःची संस्था काढावी का, काढली तर पैसे कुठून येणार, घरच्यांना काय सांगायचं. त्यामुळे हा महिना त्यालाच देते, आणि पहिल्या पत्राला जरा जास्त जागा लागणारे ते आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मी जे.जे. कला महाविद्यालयातून शिकले आणि गेली काही वर्षं मुंबईतल्या एका गॅलरीत असिस्टंट क्युरेटर आहे. शो लावणं, कॅटलॉग लिहिणं, आर्टिस्टशी बोलणं सगळं मी करते पण निर्णय मालकांचे असतात. मागे कोचीची बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) बघून आले, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ती सुरू करणारे बोस कृष्णमाचारीसुद्धा जे.जे.चेच ना, त्यांना जमलं तर आपल्याला का नाही जमणार असं वाटतं. नोकरी सोडू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुम्ही नाव चांगलं निवडलंय, कारण क्युरेटरचा संस्थाचालक कसा होतो हे समजून घ्यायला आपल्या देशात त्यांच्याएवढं उघड्यावर असलेलं उदाहरण दुसरं नाही. फक्त ती गोष्ट आपण बहुतेक वेळा शेवटापासून वाचतो, म्हणजे कोचीत, बिएनालेच्या अ‍ॅस्पिनवॉल हाऊसच्या अंगणात उभं राहून. तिची सुरुवात मात्र मुंबईत झालीय.

बोस केरळमधल्या अंगमालीजवळच्या गावचे, जन्म १९६३चा. मुंबईत आले, १९९१ला जे.जे.मधून बाहेर पडले, पुढे लंडनला गोल्डस्मिथ्समध्ये शिकले, आणि या सगळ्या काळात स्वतः चित्रं काढत असतानाच दुसऱ्यांची चित्रं लावायला लागले. २००५मध्ये त्यांनी 'डबल एंडर्स' नावाचं केरळच्या कलाकारांचं मोठं फिरतं प्रदर्शन केलं, साठहून जास्त कलाकार, एकाहून जास्त शहरं. ज्याने एका शहरातून दुसऱ्या शहरात नुसती वीस चित्रं नेलीत त्यालाच कळेल की हे काय काम आहे, क्रेट बनवा, ट्रक ठरवा, प्रत्येक कलाकाराचा फोन घ्या, कुणाचं काम दारासमोर लागतं आणि कुणाचं नाही यावरून होणारी भांडणं मिटवा. मग मे २०१०मध्ये केरळचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री एम. ए. बेबी यांनी बोस आणि रियास कोमू (हेही जे.जे.चेच, मुंबईतच काम करणारे) यांना विचारलं की आपल्याकडे आंतरराष्ट्रीय पातळीवरचं काहीतरी करता येईल का. म्हणजे बघा, मंत्री त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांच्याकडे जागा नव्हती, पैसे नव्हते, संस्थाही नव्हती, पण शेकडो कलाकार असे होते जे त्यांच्या एका फोनवर काम पाठवायला तयार झाले असते. तुमच्याकडे आज तेवढे नाही पण वीस जण तरी तसे आहेत का, हे मला पहिल्यांदा विचारायचंय. गॅलरीच्या नावामुळे तुमचा फोन उचलणारे वेगळे आणि तुमच्यामुळे उचलणारे वेगळे, आणि यातला फरक नोकरीत असतानाच तपासता येतो, सोडल्यावर तपासायला गेलं तर फार महाग पडतं.

२०१०लाच कोची बिएनाले फाऊंडेशन झालं आणि १२ डिसेंबर २०१२ला, म्हणजे १२-१२-१२ला, भारतातली पहिली बिएनाले फोर्ट कोचीत सुरू झाली. जुनी मसाल्याची गोदामं, व्यापाऱ्यांचे बंगले, धक्क्याला लागून असलेल्या पडक्या इमारती साफ करून त्यात कामं लावली. बिएनालेच्या पूर्ण नावात मुझिरिस आहे, ते प्राचीन काळातलं बंदर, त्याचे अवशेष मानून पट्टणम गावात उत्खनन चालू होतं, आणि कलाकार विवान सुंदरम यांनी तिथल्याच खापराच्या तुकड्यांचं काम केलं होतं. सुमारे चार लाख लोक येऊन गेले. आणि त्यात रिक्षावाले होते, मच्छीमार होते, शाळांच्या सहली होत्या. आपल्याकडे जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्या चढायलासुद्धा लोक घाबरतात हो, आत गेलं तर कुणी काही विचारेल का म्हणून, त्यामुळे ही गोष्ट मला कुठल्याही चित्राच्या किमतीपेक्षा मोठी वाटते.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पहिली आवृत्ती बोस आणि रियास यांनी क्युरेट केली. दुसरी, २०१४ची, त्यांनी जितीश कल्लाट यांच्याकडे दिली. तिसरी, २०१६ची, सुदर्शन शेट्टींकडे. दोघेही मुंबईचे, दोघेही जे.जे.चे. मग २०१८ला अनिता दुबे, २०२२ला शुबिगी राव, आणि २०२५च्या डिसेंबरात सुरू झालेली सहावी आवृत्ती निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेसकडे. म्हणजे ज्या माणसाची ओळखच क्युरेटर अशी होती त्याने दुसऱ्याच आवृत्तीपासून चित्रं निवडायचं काम सोडून दिलं, दुसऱ्याला दिलं, आणि स्वतः पैसे, परवानग्या, छप्पर, वीज, सरकारी फायली हे घेतलं. उद्योजक व्हायचं म्हणजे हे आहे. तुम्हाला जे काम सगळ्यात जास्त आवडतं, भिंतीसमोर उभं राहून हे इथे ते तिथे करणं, तेच तुमच्या हातातून जाणार. तुमच्या पत्रात निर्णय मालकांचे असतात ही खंत आहे, पण स्वतःची संस्था काढल्यावर निर्णय तुमचे होतील ते बहुतेक पगार, भाडं आणि ट्रान्सपोर्टचे, भिंतीवरचे निर्णय हळूहळू तुमच्या असिस्टंटकडे जातील. हे चालणार असेल तर पुढे जा. चालणार नसेल तर त्यात कमीपणा अजिबात नाही, मग स्वतंत्र क्युरेटर म्हणून फी घेऊन काम करा, तेही पूर्ण करिअर आहे.

पैशांचं पण ऐका. सरकार पाठीशी असूनही बिएनालेची पैशांची ओढाताण पहिल्या आवृत्तीपासून होती, २०१४ला तर लोकवर्गणी करावी लागली. २०१८-१९च्या आवृत्तीनंतर काम केलेल्या कंत्राटदारांनी आणि मजुरांनी आमचे पैसे थकलेत म्हणून जाहीर तक्रार केली. २०२२ला उद्घाटन १२ डिसेंबरला होणार होतं ते २३ डिसेंबरवर गेलं, पाऊस, गळणाऱ्या जागा, अडकलेले कन्साइनमेंट, आणि पन्नासहून जास्त कलाकारांनी संयोजनावर टीका करणारं खुलं पत्र लिहिलं. मी बिएनालेवर मनापासून प्रेम करते आणि म्हणूनच हे लिहिते. ज्या संस्थेने इतक्या लोकांना कला दाखवली तिथे सुतार, इलेक्ट्रिशियन आणि भिंत रंगवणारा शेवटच्या रांगेत असता कामा नये. तुम्ही छोटी का होईना संस्था काढलीत तर बजेटमध्ये पहिली ओळ या लोकांची लिहा आणि त्यांचे पैसे उद्घाटनाच्या आधी बाजूला काढून ठेवा. कलाकार थांबतो, मित्र थांबतो, रोजंदारीवर असलेल्या माणसाला थांबता येत नाही.

आणि एक व्यवहाराचं, जे कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा, मिळेल, मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के द्यावाच लागतो. बरोबर आहे, २०१३च्या कंपनी कायद्यात कला आणि वारसा हे विषय सीएसआरच्या यादीत आहेत. पण कंपनीच्या बाहेरच्या संस्थेला तो पैसा घ्यायचा तर आयकराच्या नोंदण्या लागतात, सीएसआरची वेगळी नोंदणी लागते आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे आज ट्रस्ट काढला तर पहिली तीन वर्षं या पैशाच्या भरवशावर राहता येत नाही. ती तीन वर्षं कशी काढणार याचा कागद आधी करा, वर्कशॉप, लोकांच्या घरातल्या संग्रहाची यादी करून देणं, ऑफिस-हॉटेलांसाठी चित्रं निवडून देणं, काहीतरी असं जे दर महिन्याला पैसे आणेल. तो कागद जमला की सोडा नोकरी. तोपर्यंत मालकांच्या जमाखर्चाच्या वह्या बघायला मिळत असतील तर बघा, तुमच्या कॅटलॉगपेक्षा त्या जास्त शिकवतील.

प्रश्न : मुलगा जी.डी. आर्ट झाला. आता म्हणतो चित्रकार नाही व्हायचं, क्युरेटर व्हायचं. आमच्याकडे कुणाला हे काय ते माहीत नाही. यात नोकरी असते का? – एक वडील, सांगली

उत्तर : असते, पण जागा कमी आणि सुरुवातीचा पगार कमी, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. काम म्हणाल तर कुठलं काम कुठल्या कामाशेजारी ठेवायचं, का ठेवायचं, लोकांना ते कसं समजेल, आणि ती वस्तू सुरक्षित कशी राहील, हे ठरवणारा माणूस. संग्रहालयात, खाजगी गॅलरीत, लिलाव करणाऱ्या कंपन्यांमध्ये, मोठ्या घराण्यांच्या किंवा कंपन्यांच्या संग्रहात अशी माणसं लागतात.

शिक्षणाचं म्हणाल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग १९५२पासून आहे, अगदी पक्कं शिक्षण. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय या दोघांनी पदविका अभ्यासक्रम चालवलेत, त्या त्या वर्षीचे प्रवेश कधी ते त्यांच्याकडेच विचारा. भाऊ दाजी लाडला तर मुलाला घेऊन तुम्ही स्वतः जा. ती १८७२ची इमारत अगदी खराब झाली होती, २००३ला महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाऊंडेशन यांच्यात करार झाला, तसनीम झकेरिया मेहता यांनी ते काम पुढे नेलं, २००५ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ला संग्रहालय पुन्हा उघडलं. तिथे गेल्यावर मुलगा काय करणार आहे हे तुम्हाला माझ्या उत्तरापेक्षा जास्त कळेल.

आणि सांगलीहून सातारा जिल्ह्यातलं औंध काही फार लांब नाही. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ला तिथे टेकडीवर संग्रहालय बांधलं, रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प आहे. मुलाला सांगा तिथल्या एका दालनातल्या वस्तूंची स्वतःच्या मनाने नव्याने मांडणी कर, कागदावर, आणि तशी का केलीस ते दोन पानं मराठीत लिही. ते लिहायला त्याला मजा आली तर हा त्याचा मार्ग आहे, कंटाळा आला तर घाई करू नका. लिहिता येणं फार लागतं या कामात, आणि मराठीत दृश्यकलेवर नीट लिहिणारी तरुण मुलं खूपच कमी आहेत.

प्रश्न : कुडाळजवळ आमचं जुनं चौसोपी घर आहे, कुणी राहत नाही. तिथे कलाकारांना बोलावून राहायची सोय, प्रदर्शनं, पर्यटक असं काही करावं असं आम्हा चुलत भावंडांच्या मनात आहे. मुंबई-पुण्याशिवाय चालेल का हे? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : अहो तुमच्या शेजारी पिंगुळी आहे आणि तुम्ही मला विचारताय! परशुराम गंगावणे यांनी २००६ला घराच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय सुरू केलं, चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, जे समाजाकडून जवळजवळ सुटत चाललं होतं ते. लोक तिथे जाऊन खेळ बघतात, शिकतात, विकत घेतात. २०२१ला त्यांना पद्मश्री मिळाली. आणि सावंतवाडीत राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ, पुन्हा उभा केला, जुन्या चिताऱ्याकडून शिकून घेतला, माणसं तयार केली, आणि आजही दरबारात बसून कारागीर रंगवताना दिसतात, तिथेच पत्ते विकत मिळतात. ही माणसं कुठल्याही शहरी क्युरेटरपेक्षा कमी नाहीत असं माझं ठाम मत आहे. कुठली गोष्ट वाचवायची, ती कुणाकडून शिकायची, कशी दाखवायची आणि तिच्यावर चार घरं कशी चालवायची, सगळं त्यांनी केलंय.

म्हणून मुंबई-पुण्याची काळजी सोडा. मला काळजी आहे ती चुलत भावंडांची, रागवू नका. घर कुणाच्या नावावर, सात-बारावर किती जण, उद्या एकाला वाटा विकायचा झाला तर संस्थेचं काय, हे आधी वकिलाकडून लिहून घ्या. घर मालकांचं राहील आणि संस्था अमुक वर्षांच्या भाडेकरारावर ते वापरेल असं केलं तर नातीही टिकतात. छपराचा आणि ओलीचा खर्च आधी काढा, कोकणातल्या पावसात चार महिने कागदावरची चित्रं त्या भिंतींवर टिकायची नाहीत, तेव्हा पावसाळ्यात राहणं आणि शिकवणं, आणि दिवाळीनंतर प्रदर्शनं, असं वर्ष आखा. बाहेरच्या कलाकारांना बोलवण्याआधी पिंगुळीला जाऊन बसा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. त्यांची कला तुमच्या पडवीत पर्यटकांना दाखवायची आणि मानधन नुसता चहा-फराळ, असं कृपा करून करू नका.

प्रश्न : मी क्युरेटर म्हणून चित्राच्या विक्रीतून टक्केवारी घ्यावी की नाही? – पुणे

उत्तर : गॅलरी टक्केवारी घेते, साधारण तीस ते पन्नासच्या दरम्यान, कारण भाडं, लाईट, उद्घाटन, ग्राहक सगळं तिचं असतं. क्युरेटरने ठरलेली फी घ्यावी असं मला वाटतं. टक्केवारी घेतली की विकलं जाणारं चित्र समोरच्या भिंतीवर जातं, तुम्हाला कळतसुद्धा नाही कधी. आणि फी कामाच्या आधी लिहून घ्या, निम्मी अ‍ॅडव्हान्स.

प्रश्न : कलेचा धंदा करणारे लोक वाढल्यामुळे कला बिघडली असं नाही वाटत का तुम्हाला? – एक निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : नाही वाटत सर, आणि आदराने सांगते की इतिहास बघितला तर उलटंच दिसतं. केकू गांधी यांचं उदाहरण घ्या. १९४१ साली, महायुद्धामुळे मुंबईत अडकलेल्या एका बेल्जियन गृहस्थांच्या ओळखीतून त्यांनी फ्रेमा बनवायचा धंदा सुरू केला, केमोल्ड. फ्रेम घ्यायला चित्रकार यायचे, मग त्यांचीच चित्रं फ्रेमसकट दुकानात लागायला लागली. तेव्हा हुसेन, आरा, रझा यांची कामं लावायला शहरात जागा कुठे होती, जहांगीर आर्ट गॅलरी तर १९५२ला झाली, आणि ती व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत गांधीही होते. १९६३ला त्यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. फ्रेमा विकल्या जात होत्या म्हणून न विकली जाणारी चित्रं भिंतीवर राहू शकली, हे मला त्या घराण्याच्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती गॅलरी आज फोर्टमध्ये पुढच्या पिढीच्या हातात चालू आहे.

आणि रविवर्मा. १८९४ला त्यांनी मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. छापखान्याने त्यांना कर्जात घातलं, शेवटी तो त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, श्लायशर यांना, विकावा लागला. पण त्याच छापखान्यातून लक्ष्मी आणि सरस्वती घराघरातल्या भिंतीवर आल्या. तुमच्या-माझ्या आजीच्या देवघरातली तसबीर कदाचित तिथल्याच छपाईच्या दगडावरून निघाली असेल. धंदा म्हणून तो फसला, आणि तरी एवढं काम करून गेला. तुम्ही इतकी वर्षं मुलांना चित्रकला शिकवलीत, त्या मुलांना चित्रावर जगता यावं म्हणून कुणीतरी हिशोब ठेवणारा लागतोच ना सर. तो हिशोब प्रामाणिक असावा हा तुमचा आग्रह असेल तर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : गावात पहिल्यांदाच प्रदर्शन करतोय, बारा चित्रकारांची कामं मागवली आहेत. नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची? – एक वाचनालय कार्यकर्ता, सातारा जिल्हा

उत्तर : लिहून ठेवलं नसेल तर जबाबदारी तुमच्याच गळ्यात पडणार. चित्र आलं की पॅकिंग उघडताना पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, आधीचा ओरखडा किंवा डाग असेल तर तिथल्या तिथे चित्रकाराला पाठवून त्याच्याकडून हो म्हणून घ्या. परत पाठवताना पुन्हा तसेच फोटो. इन्शुरन्स घ्यायचा तर तो त्यांच्या भिंतीवरून चित्र निघाल्यापासून परत त्यांच्या भिंतीवर लागेपर्यंतचा घ्या, नेल टू नेल म्हणून मागा, नुसता हॉलमधला घेऊ नका कारण चित्रं फाटतात ती बहुतेक टेम्पोत. किंमत चित्रकाराकडून लेखी घ्या. वाचनालयाची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर चित्राच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते. आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी एकदा सगळी चित्रं मोजायचं काम एकाच माणसाकडे द्या.